दम सुटला, सर

कागदी चमक्या उडायला लागल्या होत्या, तासगावचे लोक खुर्च्यांवर चढून नाचत होते, डीजेवाल्याने आवाज आणखी चढवला होता, आणि ज्याच्यामुळे हा सगळा दंगा चालला होता तो दिगंबर कोळेकर मात्र मध्यरेषेजवळ एक हात वर करून नुसता उभा होता.

मला आधी वाटलं, पोरगा लोकांना अभिवादन करतोय. पण त्याचं तोंड जिंकलेल्या माणसाचं नव्हतं. तो तसाच हात वर ठेवून लोखंडे सरांकडे गेला. सदाशिव लोखंडे आमचे मुख्य पंच. त्यांनी कान त्याच्या तोंडाजवळ नेला, काहीतरी विचारलं, दिगूने मान डोलावली. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, शिट्टी फुंकली, मिरजेच्या बाजूला एक गुण दाखवला आणि दिगूला बाहेर बसायची खूण केली.

चमक्या अजून खाली येतच होत्या. तासगावचे नाचणारे लोक एकेक करून थांबले आणि एकमेकांना विचारू लागले की झालं काय.

झालं होतं ते असं. सांगलीच्या त्या हॉलमध्ये आमच्या कृष्णाकाठ कबड्डी लीगचा उपांत्य सामना चालू होता, तासगाव तुफान विरुद्ध मिरज शिलेदार. गुण बरोबरीत, आणि शेवटची चढाई तासगावच्या दिगूची. त्याने मिरजेच्या कोपऱ्यातल्या अस्लम मुजावरला पायाने शिवलं आणि सुखरूप परत आला. एक गुण, सामना खिशात. पण कबड्डीत परक्या अंगणात गेलेल्याने एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहायचं असतं. मध्ये श्वास घेतला की तो बाद. दिगूने सरांना जाऊन सांगितलं होतं, ‘दम सुटला, सर.’ म्हणजे त्याचा गुण रद्द, वर तोच बाद, आणि मिरज एका गुणाने अंतिम फेरीत.

मी त्या लीगची संचालक होते. लीग सुरू होऊन तिसरंच वर्ष. खेळाडूंशी करार, संघांचे मालक, टीव्हीवाले, जाहिरातवाले असा सगळा व्यावसायिक थाट होता, आणि तो सांभाळायला निवडली होती मी, मंदाकिनी शिंत्रे, कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवणारी आणि तरुणपणी खो-खो खेळलेली बाई. ‘खो-खोवाली आता कबड्डी चालवणार’ म्हणून लोक हसायचे. त्यांचं चूक नव्हतं. मला चढाई आणि पकड यापलीकडे फार काही कळत नव्हतं. म्हणून पहिल्या वर्षी मी लोखंडे सरांच्या नव्या पंचांच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. पुढे दर रविवारी सगळ्यांनाच तसं बसवायला लागले. प्रशिक्षक, पंच, खेळाडू, कुणीतरी एकाने उभं राहून काहीतरी शिकवायचं आणि बाकीच्यांनी शिकायचं. त्याला ‘शिंत्रेबाईंची शाळा’ असं नाव पडलं. मालक लोकांना मी दर वेळी बोलवायची, ते दर वेळी यायचे नाहीत.

त्या मालकांतले सगळ्यात वजनदार म्हणजे तासगावचे आबासाहेब जगदाळे. द्राक्षांचे मोठे बागाईतदार. त्यांच्या पेट्या परदेशात जायच्या. पांढरा शर्ट, पांढरी विजार, पांढऱ्या मिशा. सामना संपल्यावर ते सरळ माझ्या टेबलाशी आले. त्यांचा आवाज एरवी मोठा असतो, तेव्हा तो अगदी बारीक झाला होता.

“बाई,” ते म्हणाले, “माझ्या पोराला कुणीतरी विकत घेतलंय. उद्याच्या उद्या निकाल पाहिजे. तुम्ही नाही दिला तर मी पेपरवाल्यांना बोलावतो.”

मी त्यांना बसा म्हटलं. ते बसले नाहीत.

त्यांचा संशय अगदीच हवेतला नव्हता, हेच वाईट होतं. आदल्या वर्षीपासून सट्ट्याची कुजबुज चालू होती. दिगू आणि अस्लम एकाच क्रीडा वसतिगृहात वाढलेले, जिवाभावाचे दोस्त. सामन्याच्या आदल्या दिवशी दोघांना हॉलमागच्या कँटीनमध्ये एका ताटात मिसळ खाताना अर्ध्या सांगलीने पाहिलं होतं. आणि आता एकाने दुसऱ्याच्या संघाला भर हॉलमध्ये सामना बहाल केला होता. पंचांनी बाद दिलं नव्हतं, कॅमेऱ्यात काही दिसत नव्हतं, कुणी तक्रारही केली नव्हती. मागितल्याशिवाय दिलेलं दान होतं ते.

आमच्या नियमात खेळ विकणाऱ्याला एकच शिक्षा होती, आयुष्यभर बंदी. दिगू जत तालुक्यातला. लीगमध्ये आल्यावर त्याने पेट्रोल पंपावरची नोकरी सोडली होती. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. मी बंदी घातली असती तर त्याचं सगळं तिथेच संपलं असतं. आणि तो खरोखर विकला गेला असताना मी सोडून दिला असता तर लीग संपली असती. दोन्ही माझ्या एका सहीवर होतं. मला भीती वाटत होती, आणि ती मी तोंडावर दिसू देत नव्हते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळ्यांना हॉलवरच्या माझ्या खोलीत बोलावलं. आबासाहेब, लोखंडे सर, दिगू आणि अस्लम. त्याच्या पुढच्या दिवशी अंतिम सामना होता. खाली कामगार खुर्च्या पुसत होते, त्यांचा आवाज वर येत होता.

आबासाहेबांनी आधी सरांनाच धारेवर धरलं. तुम्ही स्वतः ऐकलं होतं का, नसेल तर गुण कुठल्या अधिकारात फिरवलात, असं त्यांचं म्हणणं. लोखंडे सर गरीब स्वभावाचे, पण शिट्टीच्या बाबतीत कुणाचं ऐकणारे नव्हते. ते म्हणाले की मी ऐकलं नव्हतं, म्हणूनच त्याला परत विचारलं. चढाई करणारा स्वतः सांगतोय, त्याच्यापेक्षा जवळचा साक्षीदार मी कुठून आणू.

“साक्षीदार विकला गेला असंल तर?” आबासाहेब म्हणाले.

मी दिगूला विचारलं की काय झालं ते तूच सांग. तो भिंतीला टेकून उभा होता. बस म्हटलं तरी बसला नव्हता.

“अस्लमला पाय लावला, मॅडम,” तो म्हणाला. “लागला तवा मला बी वाटलं न्हवतं लागंल म्हणून. दचकलो. आन् दचकलो तसा आत श्वास घेतला. तोंड चालूच हुतं. पर दम न्हवता त्यात.”

“किती वेळ?”

“मोजाय कुठं थांबलो मॅडम. उलटं वळून पळालो.”

मग मी अस्लमकडे वळले. मनातून मला वाटत होतं की हा दोस्ताला सांभाळून घेईल. शिवाय दम सुटला होता असं म्हणण्यात त्याच्या संघाचाही फायदा होता. त्यामुळे त्याच्या साक्षीला फारशी किंमत नाही असंच मी धरून चालले होते. मी त्याला विचारलं की तू त्याच्या सगळ्यात जवळ होतास, दम सुटला होता का.

अस्लमने दिगूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चांगलाच अवघडला होता तो.

“खोटं कशाला बोलू मॅडम,” तो म्हणाला. “दम चालू होता त्याचा. माझ्या समोर होता तो, शेवटपर्यंत.”

दिगू भिंतीपासून सरळ झाला आणि दोस्ताकडे बघत राहिला. आबासाहेबांनी दोन्ही हात पसरले, जणू आता आणखी काय पाहिजे.

“झालं की मग,” ते म्हणाले. “त्याचाच दोस्त सांगतोय. ज्याचा फायदा झाला तो सांगतोय. लिहा बाई निकाल.”

मला खरोखर लिहावासा वाटला. दोन दोस्त एकमेकांच्या विरुद्ध सांगत होते, आणि मला तर दोघंही खरे बोलताना दिसत होते. एक तर माझी माणसं ओळखायची नजर गेली होती, नाहीतर मी प्रश्नच चुकीचा विचारला होता.

रविवारच्या शाळेत लोखंडे सरांनी मला एक सवय लावली होती. कुठल्याही पंचाने काही सांगितलं की ते विचारायचे, कशावरून. निर्णय काय ते नाही, कशावरून ते सांग. मी अस्लमला तेच विचारलं. दम चालू होता हे कशावरून? ऐकलास?

“ऐकायचं कुठलं मॅडम,” अस्लम म्हणाला. “त्या डीजेत स्वतःचं ऐकू येत नाही. ओठ बघतो की आम्ही. सगळेच बघतात. ओठ हलतायत तोपर्यंत दम आहे असं धरायचं.”

मी लोखंडे सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसायला लागले होते.

“तुम्हीही सर?”

“दोन वर्षं झाली, शिंत्रेबाई,” ते म्हणाले. “तुम्हाला सांगणार होतो. पण टीव्हीवाल्यांना गाणं पाहिजे, लोकांना पाहिजे, म्हटलं आपणच जुने झालो.”

मी उठले आणि सगळ्यांना खाली हॉलमध्ये चला म्हटलं. आबासाहेब कुरकुरले की आता ही कसली नवी शाळा. मी म्हटलं की शाळाच आहे, आजवर एकदाही आला नाहीत, आज या.

हॉल रिकामा होता. मॅटवर पट्ट्या चिकटवायचं काम चाललं होतं, त्या माणसांना बाजूला व्हायला सांगितलं. डीजेवाला जेवत होता. त्याला म्हटलं, हात धू आणि कालच्याइतका आवाज लाव, तेवढाच, कमी नाही. मग मी दिगूला सांगितलं की तू अस्लमवर चढाई कर, मध्ये कुठेतरी मुद्दाम दम सोड, पण ओठ हलते ठेव. सर, आबासाहेब आणि मी रेषेवर उभे राहू, ज्याला दम सुटल्यासारखा वाटेल त्याने हात वर करायचा.

गाणं सुरू झालं. छातीत ढोल वाजल्यासारखं होत होतं. दिगू वाकून आत गेला, अस्लम कोपऱ्यात दबा धरून बसला. मी डोळे ताणून दिगूच्या तोंडाकडे पाहत होते. मला वाटलं आता सुटला, मी हात वर केला. आबासाहेबांनी बऱ्याच उशिराने केला. सरांनी केलाच नाही. दिगू परत आला तेव्हा त्याने सांगितलं की आत पाऊल टाकल्या टाकल्याच त्याने दम सोडला होता, पुढे सगळे नुसते ओठच होते. अस्लमने कपाळावर हात मारून घेतला.

मग मी डीजे बंद करायला सांगितला.

एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. दिगूने मध्यरेषा ओलांडली आणि त्याचं ‘कबड्डी, कबड्डी’ सुरू झालं. बारीक, घोटीव, एकसारखं. ते छतापर्यंत जात होतं. खुर्च्या पुसणारे कामगार थांबून बघायला लागले. मी तीन वर्षं कबड्डीची लीग चालवत होते आणि तो आवाज असा पहिल्यांदाच ऐकत होते. मग एका ठिकाणी त्या आवाजाला बारीकशी खाच पडली, आणि आम्हा तिघांचे हात एकदमच वर गेले. कोपऱ्यातून अस्लमचाही गेला.

आबासाहेबांनी आपला हात खाली घेतला आणि खिशात घातला. ते हार मानणारे गृहस्थ नव्हते. ते म्हणाले की यावरून एवढंच ठरतं की काल कुणालाच काही ऐकू आलं नाही. दम सुटला होता हे काही यावरून ठरत नाही. पैसे खाल्ले नाहीत, हेही ठरत नाही.

ते बरोबर बोलत होते. पुरावा माझ्याजवळ नव्हताच, आणि तो कधी मिळणारही नव्हता. मी त्यांना एवढंच म्हटलं की आबासाहेब, ज्याला हरायचंय तो शेवटच्या चढाईत अस्लमच्या आसपासही जात नाही. हात हलवत परत येतो, सगळे म्हणतात बिचारा दमला. हा आत गेला, पाय लावला, सामना जिंकला, लोक नाचायला लागले, आणि मग चारचौघांत हात वर करून उभा राहिला. विकलेला माणूस लपून हरतो. असा उजेडात येऊन हरत नाही.

आबासाहेब दिगूकडे वळले. त्यांचा राग आता वेगळा झाला होता, घरातल्या पोरावर रागवावं तसा.

“आरं पण मग गप्प बसायला काय झालं हुतं तुला?” ते म्हणाले. “पंचाला ऐकू आलं न्हाई. समोरच्याला आलं न्हाई. कुणालाच आलं न्हाई.”

दिगूने खाली बघत पायाच्या अंगठ्याने मॅटची पट्टी दाबली.

“मला येत हुतं की, आबा,” तो म्हणाला.

मी तिथेच उभ्याउभ्या निकाल सांगितला. सामन्याचा निकाल कायम, दिगंबर कोळेकर निर्दोष. आबासाहेब निघून गेले. पेपरवाल्यांना मात्र त्यांनी बोलावलं नाही. अस्लम दिगूला म्हणत होता की मला काय माहीत लेका, मी तर तुझ्याच बाजूने बोलत होतो. आणि दिगू त्याला सांगत होता की तुझ्या त्या बाजूनं माझा बाजार उठला असता. दोघं पुन्हा मिसळ खायला गेले.

अंतिम सामन्याला मी आणखी एक गोष्ट केली. चढाई चालू असताना गाणं बंद. दोन चढायांच्या मध्ये काय वाजवायचं ते वाजवा. टीव्हीवाल्यांचा माणूस माझ्याशी अर्धा तास वाद घालत होता की लोकांना मजा येणार नाही, लोक उठून जातील. मलाही खात्री नव्हती. पहिल्या चढाईला लोकांना वाटलं की यंत्र बिघडलं, शिट्ट्या पडल्या. दुसऱ्या चढाईला थोडे गप्प झाले. पुढे पुढे चढाईवाला आत गेला की अख्खा हॉल श्वास धरून बसायला लागला आणि तो परत आला की फुटायला लागला. मिरज तो सामना हरली. पण त्या दिवशी हॉलमधून कुणी उठून गेलं नाही हे मी दाराशी उभी राहून पाहिलं.

इथे संपायला हरकत नव्हती. पण दिगूचं संपलं नव्हतं.

आबासाहेबांनी त्याला करारातून मोकळं केलं. पुढच्या हंगामाआधी खेळाडूंचा लिलाव होता. मी बाकीच्या मालकांशी सहज म्हणून बोलून पाहिलं. सगळे त्याची स्तुती करत होते. फार गुणी पोरगा, संस्कार आहेत, आजकाल असं कोण करतं. आणि मग प्रत्येक जण म्हणायचा, पण मॅडम, आम्हाला सामने जिंकायचेत. निर्दोष म्हणून मी त्याला सोडवला होता खरा, पण निर्दोष माणसाला कुणी संघात घ्यावं असा नियम काही मला करता येत नव्हता.

लिलाव एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाला. दिगूचं नाव पुकारलं तेव्हा कुणाचीच पाटी वर गेली नाही. लिलाव करणाऱ्याने दुसऱ्यांदा पुकारलं. मालक लोक पाण्याच्या बाटल्या, फोन, छत असं काहीबाही बघत होते. दिगू मागच्या रांगेत बसला होता, धुतलेला शर्ट घालून आलेला. मला त्याच्याकडे बघवेना. संचालकाने लिलावात तोंड उघडायचं नसतं, मी ओठ घट्ट मिटून बसले होते. तिसऱ्यांदा पुकारायला त्या माणसाने हातोडी उचलली.

आणि पुढच्या टेबलावरून तासगावची पाटी वर गेली. आबासाहेबांनी ती वर करताना कुणाकडे पाहिलंही नाही. दुसरी बोली आलीच नाही, पोरगा कमीत कमी भावात त्यांच्याकडे परत गेला.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. मला खरंच समाधान वाटत होतं, आणि मी तसं बोललेही की आबासाहेब, तुमचं मन मोठं आहे.

“मन बिन काय न्हाई, बाई,” ते बशीत चहा ओतत म्हणाले. “मी द्राक्षं विकतो. माझी पेटी तिकडं बंदरात उतरली की कुणी उघडून बघत न्हाई. का? वडलांपासनं आमच्या पेटीत वर एक आन् खाली एक असं कधी निघालं न्हाई. नाव बघितलं की माल घेत्यात.” त्यांनी चहा भुरकला. “आता मला सांगा, हा पोरगा उद्या म्हणाला की दम सुटला न्हाई, तर तुमचा कुठला पंच त्याला बाद देणार हाय?”

एवढी वर्षं लीग चालवायला शिकत होते, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“उपांत्य फेरी गेली, तवा झोप उडाली हुती माझी,” ते म्हणाले. “मग हिशेब ध्यानात आला. बाकीच्यांना अजून आला न्हाई, म्हणून सस्तात पडला.” आणि बशी खाली ठेवून हसले.

त्यानंतर ते रविवारच्या शाळेत यायला लागले. पहिल्याच बाकावर बसायचे आणि सगळ्यांना उलटसुलट प्रश्न विचारून भंडावून सोडायचे.

पुढच्या हंगामात तासगाव आणि कराडचा सामना होता. मी आबासाहेबांच्या शेजारी बसले होते. दिगू आत गेला, दोघांना एका झपाट्यात शिवून आला. कराडचा प्रशिक्षक धावत आला की दम सुटला होता, आम्ही ऐकलं. हॉल शांत होता, तरी लोखंडे सर त्या बाजूला नव्हते आणि त्या बाजूचा पंच नवखा होता, गोंधळलेला. सर दिगूपाशी गेले. काहीतरी विचारलं.

“न्हाई सर,” दिगू म्हणाला. आमच्यापर्यंत ऐकू आलं.

सरांनी दोन बोटं वर केली. दोन गुण. कराडच्या प्रशिक्षकाने तोंड उघडलं, दिगूकडे पाहिलं, आणि परत जाऊन जागेवर बसला. आबासाहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मिशीवरून बोट फिरवलं. लहान मुलाला जत्रेत भिरभिरं मिळावं तसे खूश झाले होते.

सामना अटीतटीचाच होता. शेवटाकडे दिगूची आणखी एक चढाई आली. तो आत गेला, कोपऱ्यातल्याला हुलकावणी दिली, मधल्याला हात लावला, परत आला. तासगावची माणसं उठून उभी राहिली. आबासाहेबही अर्धे उठले.

आणि मध्यरेषेजवळ दिगूने हात वर केला.

आबासाहेब तसेच अर्धवट उठलेले राहिले. मग हळूच खाली बसले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. मला हसू येत होतं आणि ते दिसू नये असं वाटत होतं. लोखंडे सरांनी शिट्टी फुंकली. गुण कराडला गेला. सगळा हॉल चूप, आता म्हातारा काय करतो हे बघायला कित्येक माना आमच्याकडे वळलेल्या.

“घ्यायचा तर आख्खा घड घ्यावा लागतो, बाई,” आबासाहेब मला हळू आवाजात म्हणाले. “मणी निवडून मिळत न्हाईत.”

आणि त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवायला सुरुवात केली.